मालकाच्या हाताची काठी

माझ्या विषयाचं नाव अभ्यासक्रमात इंग्रजीत दीड ओळीचं आहे. मुलं त्याला ‘वारूळ’ म्हणतात आणि मला ते ऐकू येत नाही अशी त्यांची समजूत आहे. सोलापुरातल्या एका कॉलेजात आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला मी संगणकाकडून घर कसं काढून घ्यायचं ते शिकवतो. म्हणजे आकार आपण काढायचा नाही, आपण नियम लिहायचे. खोलीला उजेड किती हवा, भिंत किती जाड, वारा कुठून घ्यायचा. मग नियमातले आकडे बदलत राहायचं. आकडा बदलायला स्क्रीनवर एक सरकपट्टी असते, स्लायडर म्हणतात तिला. ती सरकवली की घर बदलतं. एका नियमातून शंभर घरं निघतात, असं मी दर जुलैला फळ्यापाशी उभा राहून सांगतो.

निघतात ती वारुळं. भोकाभोकांची, वळसे घेतलेली, कुठूनतरी उतरवलेली, आणि हल्ली तर एआयला सांगून लिहून घेतलेली. हे छप्पर असं का वळलं, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘सर, कॉम्प्युटरनं दिलं.’ एकदा एकाने सोलापूरसाठी असं घर आणलं की त्यात पश्चिमेची अख्खी भिंत काचेची. मी म्हटलं, बाबा, मे महिन्यात या घरात माणसं राहणार की पापड वाळत घालणार? वर्ग हसला, तोही हसला, आणि शेवटच्या दिवशी तेच घर नव्या रंगात छापून आणलं.

लॅबमध्ये एकोणीस मशीन आहेत, त्यातली चौदा चालतात. मोठं मॉडेल उघडलं की मुलं चहा पिऊन येतात तोवर ते उघडत असतं. मी तिथे नऊ वर्षं हंगामी होतो. दर जूनमध्ये एका पत्राची वाट बघायची आणि ते येईपर्यंत सगळ्यांशी गोड बोलायचं, ही सवय अंगात मुरली की जात नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्याला माझ्याकडे दुसरं कारण नाही.

त्या वर्षी वर्गात मंगळवेढ्याकडची एक मुलगी होती. चुलत्यांची मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन, वडील गवंडी. पहिले दोन महिने तिने तोंड उघडलं नाही. पहिल्या असाइनमेंटला बाकीच्यांनी पाचशे-पाचशे नमुने काढून आणले, हिने एक वही आणली. आत नियम लिहिलेले, तेही मराठीत. घर तीन खणी, पाच खणी किंवा सात खणी. खण म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, तुळईच्या लांबीवर ठरणारं. आमच्या भागात जुनी माणसं घर फुटात सांगतच नाहीत. खणाची संख्या विषम. भिंत एक हात. दार साडेचार हात. निजायची खोली सहा हात बाय आठ हात. माळवदाला, म्हणजे मातीच्या धाब्याला, उतार उत्तरेला. पुढे चार पानं असंच.

‘हे कुठून आणलंस?’

‘वडील असंच बांधतात सर.’

मी वही पुन्हा वाचली. जे मी नऊ वर्षं फळ्यावर घसा फोडून सांगत होतो ते हिच्या घरी कुणी न शिकवता चालू होतं. मला आनंद झाला, आणि खोटं कशाला सांगू, थोडं खुपलंही. मी शिक्षकी आवाज काढून म्हणालो, ‘चांगलं आहे. फक्त सगळीकडे हात लिहिलायस, ते मिलिमीटरमध्ये कर. हात म्हणजे साडेचारशे धर.’

तिने मान वर केली. ‘कुणाचा हात सर?’

वर्ग हसला. मीही हसलो. ती मात्र उत्तराची वाट बघत उभी राहिली होती.

जानेवारीत मी तिच्या गावी गेलो. तिने प्रकल्प म्हणून गावातली दहा घरं घेतली होती. घरकुल योजनेत नावं लागलेली दहा कुटुंबं, आणि योजनेचा नकाशा दहाही जणांना एकच. नवराबायको, चार पोरं आणि म्हातारा बाप असो, नाहीतर एकटी बाई आणि तिच्या शेळ्या असोत. तिचं म्हणणं होतं, नियम एकच ठेवू, पण घरं दहा निघतील. एसटीने मंगळवेढा, तिथून तिच्या चुलतभावाच्या मोटरसायकलवर. दोन्ही बाजूंना छातीएवढी ज्वारी. तिचे वडील एका अर्धवट भिंतीपाशी उभे होते. बुटके, काळे, डोक्याला टॉवेल. माझ्याशी बोलायच्या आधी त्यांनी माझे हात बघितले.

‘बसा की सर हितं,’ ते म्हणाले. ‘कोपर टेकवा. बोटं सरळ करा.’

मी भिंतीच्या कडेवर कोपर टेकवलं. त्यांनी बाभळीची एक सरळ काठी माझ्या हाताशेजारी धरली, मधल्या बोटाच्या टोकाशी अंगठ्याच्या नखाने खूण केली आणि विळ्याने तिथे कापली. कोपराकडच्या टोकाला दोन आडव्या खाचा पाडल्या.

‘हे तुमचं माप. घर बांदायला ज्याचं त्याचंच माप लागतं. दार त्याला बसलं पायजे, फळीवरचा डबा त्याच्या हाताला आला पायजे. दुसऱ्याच्या मापाचं घर लई तरास देतं.’

‘पण मी तर फ्लॅटमध्ये राहतो,’ मी म्हणालो.

‘आज ऱ्हाताय. उद्याचं कुणाला ठावं हाय? बांदायचं झालं तर मला बोलवा.’

‘आणि नाही बोलावलं तर?’

ते हसले. ‘मग काठी परत द्यायची. काठी घेतली म्हंजे सबूद घेतला. बोलनं फिसकटलं की आमी काठी माघारी मागून घेतो. ती तशीच पडून ऱ्हायली की बरं न्हाय.’

मुलगी मागे उभी राहून लाजत होती. ‘दादा, सरांना काय पण सांगताय,’ ती म्हणाली. वडिलांना ती दादा म्हणायची. त्या दुपारी तिने मला दहाही घरी नेलं. प्रत्येक घरी मालकाच्या हाताची काठी कोपऱ्यात उभी होती आणि तिच्या वहीत प्रत्येकाचं माप मिलिमीटरमध्ये लिहिलेलं होतं. सगळ्यात लहान माप तिच्या आत्याचं, चारशे दहा. नवरा गेलेली, एकटी, चार शेळ्या, उंची जेमतेम पावणेपाच फूट. ‘माझं दार ठेंगणं कर गं,’ ती भाचीला म्हणाली. ‘सरकारी दाराची वरची कडी मला लागत न्हाय.’

माझी काठी मी केबिनमध्ये आणली आणि खुर्चीमागे भिंतीला, नकाशे काढायच्या लाकडी टी-स्क्वेअरशेजारी उभी करून ठेवली. कुणी विचारलं की ही गोष्ट रंगवून सांगायचो. त्या वर्षी ती मी बऱ्याच जणांना सांगितली.

फेब्रुवारी-मार्च आम्ही तो प्रोग्राम बसवला. आम्ही म्हणतोय, पण बसवला तिने. मी शेजारी बसून चुका दाखवायचो आणि मशीन अडकलं की बंद-चालू करायचो. पहिल्या स्लायडरला तिने नाव दिलं होतं ‘हात’. तो चारशे दहावर आणला की आत्याचं घर, चारशे सत्तरवर नेला की आत्याच्या समोर राहणाऱ्या पैलवानाचं. नुसतं घर लहान-मोठं होत नव्हतं. पायऱ्या, कोनाडे, चुलीचा ओटा, खिडकीची उंची, सगळं त्या माणसाला बसेल असं हलायचं, आणि माणसं व जनावरं किती ते घातलं की खण वाढायचे. एका दुपारी दहाही घरं ओळीने स्क्रीनवर उभी राहिली. नऊ वर्षांत पहिल्यांदा माझा विषय मला स्वतःला कळला होता.

म्हणूनच मला भीती वाटली. मी परीक्षक ओळखतो. मी तिला तीनदा सांगितलं, ‘शीट छापताना हात साडेचारशेवर लॉक कर. आकडे गोल येऊ देत. खरं काय ते तोंडी सांग.’ तिने तीनदा मान डोलावली. आणि छापलं ते खऱ्या मापांचंच. पहिल्याच शीटवर, सगळ्यात मोठं, आत्याचं घर. परीक्षेच्या दिवशी सकाळी भिंतीवर ते बघितलं आणि माझं डोकं फिरलं. आपलं ऐकलं नाही याचा राग शिक्षकाला किती खालच्या पातळीवर नेऊ शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

बाहेरचे परीक्षक पुण्याहून आले होते. नाव मोठं, आवाज हळू. पुढच्याच महिन्यात माझी कायम नेमणुकीची मुलाखत होती आणि मुलाखतीच्या समितीत हेच गृहस्थ बसणार होते. सकाळपासून मी त्यांच्या मागे पाण्याची बाटली घेऊन फिरत होतो. तिच्या आधीच्या दोन मुलांची वारुळं बघून ते म्हणाले, ‘हे सगळं हल्ली कॉपीच असतं, नाही का?’ आणि मी हसून म्हणालो, ‘हो सर, हल्ली सगळेच करतात.’

मग ते तिच्या शीटसमोर उभे राहिले. बराच वेळ. मला वाटलं, आवडलं. त्यांनी पेनचं टोक एका खोलीच्या मापावर ठेवलं.

‘तीन हजार दोनशे ऐंशी. हा आकडा का?’

ती काही बोलायच्या आत त्यांनी मोबाईल काढला. माणूस खोली छत्तीसशेची काढतो, ते म्हणाले, आणि भागाकार केला. मग दोन हजार चारशे साठला सत्तावीसशेने भागलं. मग एकेचाळीसशेला पंचेचाळीसशेने. तिन्ही वेळा उत्तर एकच आलं. त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. त्यांच्या चेहऱ्यावर चोर सापडल्याचं समाधान होतं आणि त्यात त्यांची चूक म्हणता येणार नाही. दुसऱ्याचा नकाशा उतरवायचा, तो प्लॉटमध्ये बसला नाही की कोपरा धरून लहान करायचा, ही आमच्या मुलांची जुनी चोरी आहे. सगळी मापं एकाच पटीत आक्रसलेली असली की समजायचं. मी स्वतः या युक्तीने कितीतरी जण पकडले आहेत.

‘मूळ नकाशा कुणाचा?’ त्यांनी तिला विचारलं.

‘सर, माझाच आहे. ते आत्याच्या हाताचं माप आहे.’

‘हाताचं?’

‘त्यांचा हात चारशे दहा आहे सर. खोली आठ हात. दार साडेचार हात. तुम्ही पुढची शीट बघा, दुसऱ्या घरांची मापं वेगळी येतात. आमच्याकडे मालकाच्या हातानं...’

‘आणि म्हणून दार सात फुटांऐवजी सहा फुटांचं,’ ते म्हणाले. पुढची शीट त्यांनी बघितली नाही. ते माझ्याकडे वळले. ‘तुम्ही हे बघितलं होतं?’

तीही माझ्याकडे बघत होती. घाबरून नव्हे. सर आता सांगतील, एवढंच तिच्या चेहऱ्यावर होतं. केबिन वीस पावलांवर होती. आत जाऊन काठी आणायची, त्यांच्या हातात द्यायची आणि म्हणायचं, कोपर टेकवा सर. मिनिटभराचं काम होतं. पण पाच मिनिटांपूर्वी ‘हल्ली सगळेच करतात’ मीच म्हणालो होतो, आणि मुलाखत तीन आठवड्यांवर होती, आणि तिने माझं ऐकलं नव्हतं. ही तिन्ही कारणं त्या वेळी माझ्या मनात स्पष्ट होती. गोंधळून गेलो, सुचलं नाही, असं मी नंतर घरी बायकोला सांगितलं, ते खोटं होतं.

‘मी तिला दुरुस्त करायला सांगितलं होतं,’ मी म्हणालो.

वाक्य शब्दशः खरं होतं. परीक्षकांनी मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं. ती माझ्याकडे बघायची थांबली. तिने शीटच्या खालच्या कडेला सुटलेली टेप अंगठ्याने दाबून परत चिकटवली आणि पुढच्या मुलाला जागा करून दिली.

डिझाइनमध्ये नापास; माझ्या विषयाचा प्रकल्प त्यातच धरतात. शेऱ्यात लिहिलं होतं की काम विद्यार्थिनीचं स्वतःचं नाही. डिझाइन गेलं की आमच्याकडे वर्ष जातं. निकालानंतर ती केबिनमध्ये आली, उभीच राहिली.

‘सर, वर्ष गेलं त्याचं मी बघेन. पण चोरीचं लिहिलंय ते राहू नये. तुम्ही विद्यापीठाला एक पत्र द्या. तुमच्यासमोर केलंय एवढंच लिहा.’

‘बघू,’ मी म्हणालो.

आपल्याकडे ‘बघू’चा अर्थ लहान पोरालाही कळतो. तरी ती पुढच्या सोमवारी आली आणि त्याच्या पुढच्या सोमवारीही आली. मी एकदा मीटिंगमध्ये होतो आणि एकदा मीटिंगमध्ये असल्याचं शिपायाला सांगायला लावलं. जूनमध्ये माझं कायम नेमणुकीचं पत्र आलं. मुलाखतीत त्या गृहस्थांनी मला फक्त एक प्रश्न विचारला होता, की एवढ्या कॉपीच्या वातावरणात तुम्ही दर्जा कसा राखता. मी सविस्तर उत्तर दिलं.

कॉलेजात पेढे वाटले. आईने सिद्धेश्वराला जाऊन नारळ फोडला आणि घरी आल्यावर कन्नडमध्ये माझी दृष्ट काढली. नऊ वर्षांनी पोराचं भलं झालं, असं ती शेजारणीला सांगत होती. मला तिला गप्प करावंसं वाटलं. पण मी पेढा खाल्ला.

पुढच्या वर्षी ती पुन्हा माझ्या वर्गात बसली, तिच्याहून लहान मुलांमध्ये. प्रश्न विचारले नाहीत, शंका काढल्या नाहीत. तलावाकाठचं सांस्कृतिक केंद्र असा विषय घेतला आणि एप्रिलमध्ये भिंतीवर एक वारूळ लावलं. भोकाभोकांचं, वळसे घेतलेलं, पांढरं शुभ्र. सगळी मापं गोल. छत्तीसशे, पंचेचाळीसशे, नऊ हजार. परीक्षक तेच. त्यांना ती आठवली नाही. छप्पर असं का वळलं, असं त्यांनी विचारलं, आणि ती माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘सर, कॉम्प्युटरनं दिलं.’ ते हसले. मुलीला सॉफ्टवेअर चांगलं येतं, असं मला बाजूला घेऊन म्हणाले. वर्गात तिला सगळ्यात जास्त गुण मिळाले.

गुणपत्रिकेवर सही करताना मी विचार करत होतो की मी शिकवलेलं अखेर तिला आलं.

पाचवं वर्ष तिने बाहेर ट्रेनिंगमध्ये आणि दुसऱ्या शिक्षकांकडे काढलं. जाताना सगळ्या विभागांच्या सह्या लागतात, त्या कागदावर माझी सही घ्यायला ती आली. एप्रिलची दुपार होती, लाइट गेली होती. मी सही केली. काहीतरी बोलायला हवं म्हणून विचारलं, ‘आत्याचं घर झालं का?’

‘झालं सर. दादांनी बांधलं. नकाशा माझाच.’

‘दार?’

‘साडेचार हात.’

कागदाची घडी घालून तिने पर्समध्ये ठेवली, पर्सची चेन लावली. ‘सर, दादा म्हणाले होते, कॉलेजचं संपलं की येताना सरांची काठी घेऊन ये.’

मला लगेच कळलं. गावातल्या त्या भिंतीपाशी बसून मी हसत हसत ऐकलं होतं ते सगळं एकदम आठवलं. काठी दिली असती तर घेतलेला शब्द मी मोडला हे मी माझ्या हाताने कबूल केलं असतं. तेवढंही मला झेपलं नाही.

‘अगं, ती कुठे गेली कोण जाणे,’ मी म्हणालो. ‘मागे केबिन रंगवली ना, तेव्हा हरवली बहुतेक.’

तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली. तिथे भिंतीला, टी-स्क्वेअरशेजारी, काठी उभी होती, दोन खाचा वरच्या टोकाला. ती थोडा वेळ तिकडेच बघत राहिली. मी मान वळवली नाही.

‘बरं सर,’ ती म्हणाली. ‘हरवली असं सांगते.’